नाशिकचे सहा जण आणि कलम २१

(दृश्य: पेरूची बाग, तिन्हीसांज)

जून २००३. नाशिकजवळ पेरूच्या बागेत झोपडी करून राहणाऱ्या कुटुंबावर रात्री दरोडा पडला. पाच जीव गेले. जखमी होऊन वाचलेल्या एका बाईपुढे गुन्हेगारांच्या फोटोंची फाईल ठेवली गेली. तिने चार चेहऱ्यांवर बोट ठेवलं.

खटला उभा राहिला तो वेगळ्याच सहा जणांवर. भटक्या जमातीतली, हातावर पोट असलेली माणसं.

सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. ३० एप्रिल २००९ला सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांनाही पुन्हा फाशीची शिक्षा सुनावली.

(दृश्य: राज्यघटनेचं पान)

मग घटना काय म्हणते? कलम २१ जगण्याचा हक्क देतं, आणि कायद्याने घालून दिलेल्या पद्धतीने तो काढून घेता येतो, हेही गृहीत धरतं. त्याच्याच आधारे १९८० मध्ये, बच्चनसिंग खटल्यात, पाचपैकी चार न्यायमूर्तींनी फाशी घटनेत बसते असं ठरवलं. सरन्यायाधीश होते पुण्याचे यशवंत चंद्रचूड. अट घातली: जन्मठेप हा नियम, फाशी फक्त 'दुर्मिळातल्या दुर्मिळ' प्रकरणात. पाचवे न्यायमूर्ती भगवती यांना ते पटलं नाही. प्रकरण कोणत्या न्यायाधीशांपुढे येतं यावर माणसाचा जीव ठरणार असेल, तर समानता उरली कुठे?

बाबासाहेब तर ३ जून १९४९लाच संविधान सभेत म्हणाले होते की फाशीविरुद्धच्या अपिलाची सोय करत बसण्यापेक्षा फाशीच रद्द करावी.

नाशिक प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २००९च्या निकालाने राजस्थानातल्या एका जुन्या निकालाचा आधार घेतला होता. गुन्हा बघा, गुन्हेगार नको, असा त्याचा रोख. तेराच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने सांगितलं, राजस्थानचा तो निकाल बच्चनसिंग निकालाच्या विरोधात जातो. त्या राजस्थानी आरोपीला तोवर फासावर जाऊन तेरा वर्षं झाली होती. हे आकडे जुळवून आणलेले नाहीत. तारखाच तशा आहेत.

(दृश्य: तुरुंगाचा दरवाजा)

५ मार्च २०१९. फेरविचारात सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल फिरवला. सहाही जण निर्दोष. त्यांतला एक तर गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाची भरपाई, प्रत्येकी पाच लाख रुपये.

आणि त्या बाईने बोट ठेवलेले ते चौघे? त्यांना कधी अटकच झाली नव्हती.