पवई भरला, पण कशानं?

(दृश्य: सांडव्यावरून फेसाळत पडणारं पाणी, छत्र्यांखालून उंचावलेले मोबाइल)

दर पावसाळ्यात ही बातमी येतेच: पवई तलाव ओसंडून वाहू लागला! 545 कोटी लिटरचा हा तलाव 1890 साली मुंबईच्या पिण्याच्या पाण्यासाठी बांधला. आज त्यातलं घोटभर पाणीही कुणी पीत नाही. ते कारखान्यांना आणि आरे वसाहतीला जातं, आणि सांडव्यावरून उतरलेलं मिठी नदीला.

(दृश्य: जूनची पहिली सर, रस्त्याकडेचं गटार)

तलावाचं पाणलोट क्षेत्र 6.61 चौरस किलोमीटर. पूर्वी इथला पाऊस झाडीत मुरायचा आणि उरलेला सावकाश तलावात उतरायचा. आता बऱ्याच भागात डांबर, काँक्रीट, पेव्हर ब्लॉक. पहिल्या सरीचं पाणी नीट बघा. काळं आहे. गाड्यांचं तेल, टायरची भुकटी, बांधकामाची माती, कुत्र्यांची घाण... आठ महिने साठलेलं सगळं एकदम सुटतं. मातीच्या कणांना चिकटून फॉस्फरस येतो, म्हणजे जलपर्णीला आयतं खत. मग वर्षभर यंत्रं लावून ती उपसत बसायचं.

सांडपाण्याचे नाले हा याहून मोठा गुन्हेगार, हे खरंच. पण उद्या ते वळवले तरी हे पाणी येतच राहणार.

(दृश्य: तलावाचा काठ, गवत, चिखल)

काठावरचं गवत ही शेवटची गाळणी. त्याच काठावर सायकल ट्रॅक होणार होता. मे 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो बेकायदा ठरवला.

(दृश्य: सोसायटीचं आवार, गच्चीवरून उतरणारा पाइप)

हजार चौरस फुटांच्या गच्चीवर इंचभर पाऊस पडला, की साधारण 2300 लिटर पाणी होतं. ते गटारात कशाला सोडायचं? शोषखड्ड्यात सोडा. मे महिन्यात रस्ते झाडून घ्या. झाडून, धुऊन नव्हे. बांधकामाच्या मातीवर ताडपत्री टाका. आणि बागेचे वाफे! आपण ते हौसेनं उंच बांधतो, वर कठडा घालतो. पाणी आत शिरणार कुठून?

जुलैत जमीन तुडुंब झाली की शोषखड्डाही हात टेकतो. पण सगळ्यात घाण पाणी येतं ते जूनच्या सुरुवातीला, आणि तेव्हा जमीन तहानलेली असते.

(दृश्य: कठड्याच्या दोन विटा काढलेल्या. पहिली सर. पाणी वाफ्यात वळतं.)