आजींची पिशवी

(निवेदन)

ही पिशवी बघा. कापडदुकानाची, एक बंद तुटलेला. आत दोन एक्स-रे, ईसीजीची घडी, तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या आणि ११ प्रकारच्या गोळ्या. परवा रात्री आजींबरोबर ही पिशवीही १०८ मधून साताऱ्याला गेली आणि सकाळी परत आली. मधे ती कुणी उघडली नाही.

आजी ७६ वर्षांच्या. हृदय कमजोर, साखर जुनी. रात्री दम लागला, आडवं पडता येईना. कॅज्युअल्टीत ऑक्सिजन लावला, लघवीचं इंजेक्शन दिलं, चार तासांत श्वास जागेवर आला. कार्डावर शेवटची ओळ: आठ दिवसांनी ओपीडीत दाखवणे.

महाराष्ट्रात १०८ ची गाडी २०१४ पासून धावते. न्यायची सोय झाली, हे कमी नाही. परत मात्र आजी वडापच्या जीपनं आल्या.

(उपकेंद्राच्या सिस्टर आणि आशाताई अंगणात येतात.)

यांना बोलावलं कुणी? कुणीच नाही. रात्री सायरन वाजला की सकाळी नळावर सगळं कळतं.

घोंगडीवर गोळ्या मांडल्या जातात.

"आजी, ही कधी घेता?"
"च्या झाल्यावर."
"आणि ही?"
"ती बी तवाच."

पाकिटांवर नावं दोन, आत औषध एकच: ॲम्लोडिपिन, रक्तदाबाचं. एक गावातल्या डॉक्टरांनी दिलेलं, दुसरं तालुक्याहून आणलेलं. आजी दोन्ही घेतात, अगदी न चुकता. पिशवीच्या तळाला कात्रीनं अर्धी कापलेली पट्टी सापडते. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक. लघवीची गोळी अंगातलं पाणी बाहेर काढणार आणि ही ते धरून ठेवणार. सिस्टर पट्टी बाजूला ठेवतात आणि तिथूनच डॉक्टरांना फोन लावतात.

मग उलटतपासणी. "आता तुम्ही मला सांगा, सकाळी कुठली घ्यायची?" आजी चुकतात. पुन्हा. तिसऱ्यांदा बरोबर. हे सगळं ४० मिनिटं चाललं होतं.

सूनबाई म्हणतात, भाजीत मीठ कमीच असतं. तेवढ्यात फळीवरची लोणच्याची बरणी कॅमेऱ्यात येते. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक चहाचा चमचा. लोणचं, चटणी, पापड त्यातच आले.

सारवलेल्या जमिनीवर वजनकाटा डुगडुगतो, म्हणून तो उंबऱ्याजवळच्या शहाबादी फरशीवर ठेवला. ४८ किलो ४००. रोज सकाळी, लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढले, तर ते अन्नाचं वजन नव्हे. अंगात पाणी साठतंय. दम लागायच्या आधी हे काट्याला कळतं.

आशाताईंकडे नवजात बाळांचा तक्ता आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे ४२ दिवसांत ६ भेटी: तिसरा दिवस, सातवा, चौदावा... प्रत्येक भेट ठरलेली, मानधनही ठरलेलं. कॅज्युअल्टीतून परतलेल्या म्हातारीसाठी असा तक्ता त्यांच्याकडे नाही. आज त्या आल्यात, त्या आपल्या मनानं. २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना आयुष्मान कार्ड मिळतं, वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावर. तेव्हा सुटी झाल्यावरची १५ दिवसांची औषधंही त्यात येतात. आजी भरती झाल्याच नव्हत्या.

पाचव्या दिवशी काटा ५० किलो ६०० वर गेला. फोन झाला, डॉक्टरांनी लघवीची गोळी वाढवली, सातारा टळला. खालच्या आळीतले एक आजोबा त्याच आठवड्यात दोनदा जाऊन आले.

(सकाळ. उंबरा. आजी काट्यावर, सूनबाई शेजारी.)

"आत्या, भिंत सोडा."
"पडंन की गं."
"मी हाय न्हवं."

भिंतीवर कालनिर्णय. प्रत्येक चौकोनात दुधाचा हिशेब: एक लिटर, एक लिटर, दीड. त्याच्याखाली, निळ्या पेननं, आजींचं वजन.