सामाईक भिंत

(दृश्य : ड्रोन. दिल्ली दरवाजा ते गोदाघाट.)

जुनं नाशिक किती चढउतारांचं आहे, हे वरून पाहिल्यावर नीट कळतं. नऊ टेकड्यांवर वसलेलं हे गाव. गल्ल्या चढतात, मध्येच वळतात आणि सगळ्या शेवटी उताराने गंगेवर येतात. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात. ही कौलं, आणि कौलांच्या मधोमध दिसणारी चौकोनी भोकं. एकेक भोक म्हणजे एकेका वाड्याचा चौक. आता जरा डावीकडे. इथे कौलं संपतात आणि सिमेंटची उंच इमारत उभी राहते. त्या जागीही वाडाच होता.

(दृश्य : उघडी पडलेली भिंत, जवळून.)

त्या इमारतीशेजारची ही भिंत पाहा. भिंतीत कोनाडे आहेत, देवळी आहे, खुंट्या आहेत, जिन्याची तिरकी खूण आहे. ही घराची आतली बाजू. आज ती रस्त्यावर आली आहे.

वाडे एकमेकांना खेटून उभे असतात आणि बऱ्याच ठिकाणी दोन घरांत मिळून भिंत एकच. एक वाडा पाडला की शेजारच्याचा आधार जातो. मातीत बांधलेली, आयुष्यभर छपराखाली राहिलेली भिंत पहिल्यांदाच पाऊस झेलते. माती धुऊन निघते, विटा मोकळ्या होतात, आणि काही पावसाळ्यांत त्याही वाड्याच्या दारावर ‘धोकादायक’ची नोटीस लागते. म्हणून जुन्या नाशकात नवं बांधायला घेणाऱ्याने स्वतःचा नकाशा काढण्याआधी शेजाऱ्याची भिंत मोजावी, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

(दृश्य : सराफ बाजार, सरकारवाडा. नंतर दुतोंड्या मारुती.)

मोजायचं आणखी एक आहे, ते म्हणजे पाणी. सरकारवाड्याच्या या काळ्या दगडी पायऱ्या. पेशवेकालीन वाडा, आज राज्य संरक्षित स्मारक. उंच जोतं, रुंद पायऱ्या, आणि लाकूडकाम सुरू होतं ते दगडाच्या वर. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की सराफ बाजारातला माणूस दोन ठिकाणी विचारतो : नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठपर्यंत आलं, आणि सरकारवाड्याच्या कितव्या पायरीला लागलं? 1969, 2008, 2016, 2019 या पुरांच्या आठवणी बाजारात अजून ताज्या आहेत. समोरच्या तिरावर 1747 साली बांधलेलं नारोशंकराचं देऊळ आहे. त्याच्या घंटेला पाणी लागलं म्हणजे महापूर, ही इथली जुनी मोजपट्टी. जोतं किती उंच हवं, हे बांधणाऱ्यांना नदीने सांगितलं होतं. आजचे कितीतरी नकाशे तळमजल्यावर गाळे काढतात, विजेचे मीटर कमरेइतक्या उंचीवर लावतात आणि नदीचा विचारच करत नाहीत.

(दृश्य : गल्ली. दिंडी दरवाजा. आत चौक.)

हा वाडा भांडी बाजाराच्या मागच्या गल्लीतला. पुढचा भाग शाबूत, मागचा सोपा, म्हणजे मागची पडवी, पावसात बसलेला. मालकांनी तो विकला नाही, पाडलाही नाही. दोन वास्तुविशारद, एक सुतार मिस्त्री आणि एक गवंडी एवढ्यांना हाताशी धरून काम काढलं.

चौकात उभं राहिलं की वाड्याचा हिशेब समजतो. हिशेब खणांचा. दोन खांबांमधलं अंतर म्हणजे एक खण. ओसरी इतक्या खणांची, माजघर इतक्या खणांचं. खांब आणि तुळया यांचा सागवानी सांगाडा माडीचा भार उचलतो, त्यामुळे आतल्या बऱ्याच भिंती निव्वळ आडोशाच्या असतात. आजच्या गरजेसाठी हे मोठंच वरदान आहे. खांब न हलवता मधली भिंत काढता येते, दोन खोल्यांची एक करता येते, एका खणात नवा जिना बसतो. हे घर बदलत राहावं अशाच बेताने बांधलेलं आहे.

(दृश्य : खांबाची दुरुस्ती. पूर्ण प्रक्रिया, सलग.)

आता हे काम सावकाश बघा.

खांब वरून खणखणीत आहे. खाली, तळखड्याला म्हणजे खांबाखालच्या दगडाला टेकतो तिथे, कुजला आहे. कारण शोधायला फार लांब जावं लागलं नाही. कधीतरी ओसरीची फरशी नवी करताना तळखडा सिमेंटमध्ये बुडवला गेला. दगड लाकडाला ओलीपासून वर धरून होता, तो गाडला गेला आणि ओल थेट खांबात चढली. वाळवी मागून आली.

आधी तुळईखाली धिरे, म्हणजे तात्पुरते टेकू. मग जॅक, आणि तोही एका दमात नाही. थोडा उचलायचा, थांबायचं, वर माडीत जाऊन गिलाव्याला तडा गेला का ते बघायचं, पुन्हा थोडा. मिस्त्री हाताच्या मुठीने खांब ठोकत खाली येतात. आवाज बद्द झाला तिथे खूण. कुजलेला भाग तिरक्या कापाने काढला. जुन्या सागाचाच तुकडा, त्याच वाड्याच्या पडलेल्या सोप्यातून निघालेला, त्याच तिरक्या कापाने घडवला. खाचेत खाच बसली, आरपार लाकडी खुंट्या ठोकल्या. नव्या सांध्यावर रंग फासून तो लपवलेला नाही. जवळून पाहणाऱ्याला तो दिसावा, पुढच्या मिस्त्रीला कळावं की इथे हात लागला आहे.

(दृश्य : चुना. कुंड, घाणी, गिलावा.)

आणि हा चुना. कळीचा चुना पाण्यात टाकला की उकळतो. तो विझू द्यायचा, गाळायचा आणि पाण्याखाली मुरत ठेवायचा. जितका मुरेल तितका चांगला. मग चुना दळायच्या घाणीत वाळू आणि सुरखी, म्हणजे विटांची भुकटी, घालून मळायचा. पूर्वी घाणीला बैल असायचे, इथे मोटर आहे. गुळाचं पाणी, हिरड्याचं पाणी, प्रमाण गवंड्याच्या हाताचं. बोटावर घेऊन ते बघतात, मान हलवतात, पुन्हा मळायला सांगतात.

इतकी खटपट कशासाठी? माती आणि विटांची भिंत ओल शोषते आणि बाहेर टाकते. चुन्याचा गिलावा तिला ते करू देतो. सिमेंटचा गिलावा ओल आतच कोंडतो. बाहेरून भिंत गुळगुळीत दिसते, आत विटेचं पीठ होत असतं. या भिंतीवरचा जुना सिमेंट गिलावा खरवडला तेव्हा काय निघालं ते पडद्यावर आहेच. नाशकात ‘वाडा दुरुस्त केला’ म्हणजे बहुतेक वेळा ‘सिमेंट मारलं’ असं असतं, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. मारणाऱ्याची नियत चांगली असते, भिंत मात्र जाते.

(दृश्य : मागचा नवा भाग. लोखंडी सांगाडा.)

पडलेल्या सोप्याच्या जागी काय करायचं, यावर बरीच चर्चा झाली. नक्षीदार खांबांची हुबेहूब नक्कल करता आली असती. वास्तुविशारदांनी ती नाकारली. जुन्या वास्तूंच्या जतनाची तत्त्वं सांगणाऱ्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेनेही हेच सांगितलं आहे की जुन्या वास्तूला जोडलेल्या नव्या कामावर त्याच्या काळाची खूण असावी. म्हणून इथे हलका लोखंडी सांगाडा आहे, बोल्टांनी जोडलेला, उद्या गरज पडली तर सोडवता येईल असा. त्याचे खांब स्वतःच्या पायावर उभे आहेत. सामाईक भिंतीवर एक किलोही भार नाही. भिंत आणि नवा भाग यांच्यात चिंचोळी फट ठेवली आहे, आणि पाऊस आत येऊ नये म्हणून वर पत्र्याची पट्टी आहे. खांब मात्र जुन्याच खणांच्या रेषेत, त्यामुळे ओसरीतून पाहताना नजर कुठे अडखळत नाही.

स्वयंपाकघराचा ओटा, न्हाणीघर, संडास, सगळे नळ या नव्या भागात. जुन्या भागात पाण्याची एकही पाइपलाइन नाही. वाड्यांना पुरापेक्षा रोजच्या गळक्या नळांनी जास्त पोखरलं आहे. विजेचे बोर्ड जोत्यापासून बरेच वर, तळाला दगडी फरशी. छपराचं पाखं चौकाकडेच उतरतं, पन्हळीचं पाणी पूर्वीच्याच दगडी मोरीतून जातं. ती मोरी साफ केली, बस, तेवढं पुरलं.

(दृश्य : कोपरगाव. शाळेचं वाचनालय.)

हा विचार वाड्यांपुरता नाही. कोपरगावच्या शारदा शाळेतलं माया सोमय्या वाचनालय पाहा. वास्तुविशारद समीप पडोरा यांच्या कार्यालयाने 2018 मध्ये ते बांधलं. जागा होती शाळेच्या इमारती आणि कुंपण यांच्यामधली चिंचोळी पट्टी. पातळ विटांच्या थरांचं कमानदार छत जमिनीतूनच वर येतं आणि पुन्हा जमिनीला टेकतं. मुलं आत वाचतात, वर पळतात. जागा लहान होती, तीच इमारतीचा आकार ठरवून गेली.

(दृश्य : पुन्हा भांडी बाजार. दुकानांच्या फळ्या.)

प्रश्न आहेत. जुनी भाडी, 1999 चा भाडेनियंत्रण कायदा, सातबारा नि मिळकत पत्रिकेवरची डझनभर नावं, कुंभमेळ्याच्या कामांची घाई. या वाड्यातली काही भाडेकरू कुटुंबं काम सुरू झाल्यावर दुसरीकडे गेली. त्यांच्याशी बोलणी चालू आहेत.

पुढच्या दर्शनी खणात भांड्यांचं दुकान होतं, तेच पुन्हा सुरू होणार आहे, त्याच फळ्यांच्या दारांनी. माडीवर मुलांसाठी अभ्यासिका करायचं ठरलं आहे. आणि गवंड्याने चुन्याचं दुसरं कुंड भरून ठेवलं आहे, कारण सामाईक भिंतीच्या पलीकडच्या घरानेही आपल्या बाजूचं सिमेंट काढायला होकार दिला आहे. पावसाळ्याआधी ती बाजू पुरी करायची आहे.