पाकिटाची मागची बाजू

(दृश्य: व्हर्जिनियातलं एक सुपरमार्केट. ट्रॉलीत ठेवण्याआधी उलटं करून वाचलं जाणारं पाकीट.)

रात्री आठला बर्गर खाल्ला आणि मध्यरात्री अंगभर गांधी उठल्या, पोटात कळा आल्या. संशय बर्गरवर सहसा जात नाही. अल्फा-गॅलची अॅलर्जी अशीच उशिरा येते, जेवणानंतर दोन ते सहा तासांनी.

मूळ कारण असतं गोचीड. अमेरिकेत मुख्यतः 'लोन स्टार' जातीची. ती चावल्यावर काही जणांचं शरीर अल्फा-गॅल नावाच्या साखरेला शत्रू मानू लागतं आणि ही साखर गाय, डुक्कर, बकरी अशा बहुतेक सस्तन प्राण्यांत असते. व्हर्जिनिया विद्यापीठाचे डॉ. थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या गटाने २००९ साली मांस आणि या उशिरा येणाऱ्या त्रासाचा संबंध मांडला. त्याआधीच, २००७ साली, रानवाटा तुडवताना गोचिडी चावून त्यांनाही हीच अॅलर्जी जडली होती!

ताटातलं मटण ओळखता येतं. कोंबडी आणि मासे चालतात. पंचाईत होते ती पाकिटांची.

(दृश्य: घटकांची यादी, अगदी जवळून.)

मार्शमॅलोमध्ये जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला पदार्थ. डबाबंद बीन्समध्ये कधी डुकराची चरबी. चिकन सॉसेजमध्ये मांस कोंबडीचं, पण वरचं आवरण कधी डुकराच्या आतड्याचं. आणि 'नॅचरल फ्लेवर्स' या दोन शब्दांमागे काहीही असू शकतं, गोमांसाचा अर्कसुद्धा. अमेरिकी कायद्याने ठळक सांगायला लावलेले अॅलर्जीकारक पदार्थ नऊ. तिळाचा नंबर २०२३ मध्ये लागला. सस्तन प्राण्यांचं मांस त्यात अजूनही नाही.

तिथल्या मराठी घरांना वाटेल, आपल्या इंडियन स्टोअरमधला हिरवा ठिपका आहे की! तो जिलेटिन आणि चरबी बाहेर ठेवतो, हे खरं. पण दूध आणि तूप त्या ठिपक्यात बसतात. बऱ्याच रुग्णांना ती पचतात, काहींना नाही. त्याहून चकवा देणारं कॅराजीनन: समुद्री शेवाळातून येतं, यादीत कधी '४०७' एवढंच लिहिलेलं असतं. संपूर्ण शाकाहारी, व्हीगन शिक्क्यालाही चालणारं. तरी त्यात अल्फा-गॅल असतं आणि काही रुग्णांना ते बाधतं. ही अॅलर्जी शाकाहार-मांसाहाराची रेघ पाळत नाही.

(दृश्य: कानाला फोन, हातात पाकीट.)

म्हणून पाकिटावरच्या नंबरवर फोन लावायचा. "मांस आहे का?" असं विचारलं तर उत्तर 'नाही' येतं. विचारायचं ते असं: फ्लेवर कशापासून केलाय? ग्लिसरीन वनस्पतीचं की प्राण्याचं? ओळखीचं पाकीटही दर वेळी वाचायचं, कारण कृती बदलली तरी वरचं चित्र तेच राहतं.

औषधाच्या दुकानात हीच चौकशी पुन्हा करावी लागते. कॅप्सूलचं कवच बहुधा जिलेटिनचंच असतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी सरकारच्या पाहणीत ४२ टक्के डॉक्टर-परिचारिकांनी या आजाराचं नावच ऐकलं नव्हतं. तेव्हा काउंटरपलीकडच्या माणसाला सगळं पहिल्यापासून सांगायची तयारी ठेवायची.