कबुतरं कुठे बसतायत ते आधी बघा

(दृश्य: जुलै महिना, गव्हाचं मोठं शेत, कॅमेरा वरून. मधेमधे पीक आडवं झालेलं.)

हे सफोक, इंग्लंडच्या पूर्वेकडचा शेतीचा पट्टा. गहू पिवळा पडलाय, कापणीला आता फार दिवस नाहीत, आणि मधे बघा जिथे पावसाने गहू लोळलाय तिथे करड्या ठिपक्यांसारखं जे दिसतंय ती सगळी कबुतरं आहेत. उभ्या गव्हात त्यांना उतरता येत नाही, पण एकदा पीक लोळलं की त्यावर चालत चालत ओंब्या सोलायच्या, पोट भरलं की उडून समोरच्या ओकच्या झाडांवर जाऊन बसायचं, आणि तासाभराने परत. पीक वाचवायला इथे या कबुतरांवर बंदूक चालवतात, नवशिक्याने ते कसं करायचं ते आज बघू.

आपल्या खिडकीच्या ग्रिलवर घुमणारं कबुतर वेगळं आणि हे वेगळं. हे वुड पिजन, अंगाने चांगलं भरलेलं, वजन साधारण अर्धा किलो. ब्रिटनमध्ये याच्या जोड्या 50 लाखांच्या आसपास आहेत, आणि हिवाळ्यात पिवळ्या फुलांचं मोहरीच्या जातीचं तेलबियांचं पीक असतं ना, त्याची कोवळी पानं, वसंतात पेरलेला वाटाणा, उन्हाळ्यात गहू-बार्ली, सगळं यांना चालतं. याचाच एक भाऊबंद आपल्या सह्याद्रीत आहे, निलगिरी वुड पिजन, मुंबईचा गव्हर्नर एल्फिन्स्टनच्या नावावरून त्याचं शास्त्रीय नाव पडलंय, तो बिचारा दाट जंगलातला आणि संख्येने कमी होत चाललेला. भारतातून बघणाऱ्यांनी म्हणूनच हे नीट लक्षात घ्या, आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, पुढचं सगळं फक्त इंग्लंडमधल्या शेतापुरतं आहे.

आता नवशिक्या माणसाची सुरुवात कुठे होते, तर बंदुकीच्या दुकानात. कुठली घेऊ, कितीची घेऊ. माझं म्हणणं सरळ आहे, आधी दुर्बीण घ्या. शेताच्या बांधावर गाडी लावा, गाडीतच बसा आणि दोन-तीन तास काही न करता नुसतं बघा. कबुतरं कुठल्या दिशेने येतात, एखाद्या झाडांच्या रांगेवरून किंवा कुंपणाच्या रेषेवरून येतात का, कारण त्यांची ये-जा बहुतेक ठरलेल्या वाटेनेच होते, या वाटेला इथले लोक फ्लाइट लाइन म्हणतात. कुठल्या झाडावर थांबतात, किती वाजता गर्दी होते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे शेताच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यात उतरतात. शंभर मीटर बाजूला बसलात, कितीही भारी डिकॉय, म्हणजे पक्ष्यांना फसवून खाली आणणारी नकली कबुतरं, मांडलेत, तरी डोक्यावरून निघून जातील आणि तुम्ही दिवसभर बघत बसाल. ज्या दिवशी चांगली शूटिंग होते तो दिवस आदल्या संध्याकाळी दुर्बिणीतूनच ठरलेला असतो, हे मी अगदी मनापासून सांगतोय.

(दृश्य: शेतकरी आणि शूटर गेटपाशी बोलतायत.)

परवानगी. शेतकऱ्याची परवानगी पाहिजेच, कुंपण कुठे संपतं, गुरं कुठल्या बाजूला आहेत, लोकांची पायवाट शेतातून जाते का, हे त्याच्याचकडून समजून घ्या. शॉटगनचं, म्हणजे छर्ऱ्यांच्या बंदुकीचं, सर्टिफिकेट पोलीस देतात, पाच वर्षांसाठी, त्याआधी ते घरी येतात, बंदूक ठेवायचं लोखंडी कपाट बघतात, डॉक्टरकडून माहिती मागवतात. सर्टिफिकेट यायच्या आधी क्ले शूटिंगच्या, म्हणजे हवेत उडवलेल्या मातीच्या चकत्यांवर नेम धरायच्या, मैदानावर ट्रेनरसोबत शिकता येतं आणि ते शिकाच, जिवंत पक्ष्यावर नेम धरायला शिकणं हे काही बरोबर नाही.

आणि कायद्याचा भाग कंटाळवाणा वाटला तरी ऐका. ब्रिटनमध्ये 1981 च्या कायद्याने जवळजवळ सगळ्याच जंगली पक्ष्यांना संरक्षण आहे, वुड पिजनलासुद्धा. त्याला मारता येतं ते जनरल लायसन्सखाली, म्हणजे सगळ्यांसाठी एकच असलेल्या सरकारी परवान्याखाली, इंग्लंडमध्ये सध्या त्याचा नंबर जीएल 42, आणि ते पिकाचं गंभीर नुकसान टाळण्यासाठीच आहे, शौक म्हणून नाही. यासाठी अर्ज करावा लागत नाही, पण त्यातली प्रत्येक अट तुम्हाला लागू होते, आवाज करणाऱ्या गॅसगन, बुजगावणी वगैरे दुसरे उपाय करून बघणं ही त्यातलीच एक गोष्ट. 2019 च्या एप्रिलमध्ये वाइल्ड जस्टिस या संस्थेने कायदेशीर आव्हान दिल्यावर जुनी लायसन्सं रद्द झाली होती, ऐन पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्यांची धांदल उडाली, मग काही दिवसांत नवीन आली. तेव्हापासून नियम बदलत आलेत, म्हणून दर वर्षी नवीन प्रत वाचून मगच बाहेर पडा.

(दृश्य: क्लोजअप, पसरलेला पंख, मधे पांढरा पट्टा.)

हा पंख नीट बघून ठेवा. पंखाच्या मधोमध हा आडवा पांढरा पट्टा, उडताना लांबूनही दिसतो, ही वुड पिजनची खूण. पुस्तकात मानेवरच्या पांढऱ्या डागाबद्दल वाचाल, पण पिल्लावस्थेतून नुकत्याच बाहेर आलेल्या कबुतराला तो डाग नसतोच आणि जुलै-ऑगस्टमध्ये अशी भरपूर असतात, तेव्हा भरवसा पंखावर ठेवा. याच्यासोबत त्याच शेतात स्टॉक डव्ह नावाचा दुसऱ्या जातीचा पारवा येतो, थोडा लहान, अंगावर पांढरं काहीच नाही, मानेवर हिरवट चमक, पंखाची किनार काळपट. तो या लायसन्समध्ये नाही. त्याला मारणं हा गुन्हा आहे. शर्यतीची कबुतरंही वरून जातात, ती कुणाची तरी पाळलेली असतात. पट्टा दिसला नाही तर बंदूक खांद्याला लावायची नाही, इतकं साधं.

(दृश्य: कुंपणालगत जाळी लावली जातेय.)

आता लपायची जागा, हाइड. मागे दाट कुंपण पाहिजे म्हणजे तुमची आकृती आकाशावर उमटत नाही. पुढे चार काठ्या, त्यावर कॅमोफ्लाज जाळी, वरून तिथलंच गवत-फांद्या खोचायच्या, आणि बघायचं जाळीतून, जाळीच्या वरून नाही. कबुतराची नजर फार तेज, वर वळलेला उघडा चेहरा आणि हलणारे हात त्याला आधी दिसतात, म्हणून टोपी, चेहऱ्यावर जाळी, बसायला स्टूल, आणि गाडी लांब लावा.

डिकॉय मांडण्यावर मात्र वेळ घालवा, खरी मजा इथे आहे. आधी वारा बघा. कबुतर उतरताना वाऱ्याला तोंड करूनच उतरतं, त्यामुळे वारा तुमच्या पाठीकडून आला तर सगळ्यात छान, पक्षी समोरून तुमच्याकडे तोंड करून येतात. हाइडपासून वीस-पंचवीस मीटरवर डिकॉय घोड्याच्या नालेच्या आकारात मांडायचे, नालेचं उघडं तोंड वारा जिकडे जातो त्या बाजूला, आणि मधली जागा मोकळी सोडायची. येणारं कबुतर त्या मोकळ्या जागेत उतरायला बघतं, आणि तीच तुमची जागा. डिकॉयची तोंडं साधारण वाऱ्याकडे, पण सगळी एका सरळ रेषेत कवायतीला उभी केल्यासारखी नकोत, थोडी इकडे थोडी तिकडे, दोघांत मीटरभर तरी अंतर, कारण चरणारी कबुतरं एकमेकांना खेटत नाहीत, खेटली तर ती घाबरलेली असतात. प्लास्टिकचे डिकॉय पावसात ओले होऊन चमकायला लागले की पुसून घ्या, चमक बघून पक्षी वळतात.

दोन-चार कबुतरं पडली की तीच डिकॉयमध्ये मांडा. प्लास्टिकपेक्षा ती कितीतरी चांगली चालतात. पंख अंगाला नीट मिटवायचे, छाती जमिनीला टेकवायची, हनुवटीखाली बारीक काडी खोचून डोकं वर धरायचं, उलटा पडलेला पक्षी किंवा उसकटलेली पिसं तशीच ठेवलीत तर वरून येणारे लगेच परत फिरतात. हे करताना हाताला पांढरट भुकटी लागते, ती त्यांच्या पिसांचीच, बंदुकीवरही बसते.

ते गोल फिरणारं मशीन मिळतं, दोन हातांवर दोन कबुतरं लावायची आणि बॅटरीवर फिरवायचं, मॅग्नेट म्हणतात त्याला. काही दिवस जबरदस्त चालतं, काही दिवस त्याच्यामुळेच पक्षी बिथरतात, विशेषतः जिथे आधीच खूप शूटिंग झालीय तिथे. नवशिक्याने पहिल्या हंगामात ते घेऊ नये असं मला वाटतं, साध्या डिकॉयवर पक्षी कसा वागतो ते डोळ्यात बसू दे.

(दृश्य: कबुतर पंख स्थिर करून खाली येतंय, स्लो मोशन.)

आता हा क्षण. बघा, पंख मारणं थांबलं, पंख ताणले, शेपटी पसरली, म्हणजे त्याने ठरवलंय. घाई करून लांबच्या, नुसत्या वरून जाणाऱ्या पक्ष्यावर बार टाकू नका. सकाळीच पावलं मोजून तीस मीटरवर एक खुणेची काठी रोवून ठेवा, त्याच्या पलीकडचं आपलं नाही. बारा बोअरची (हे नळीचं माप) बंदूक, 6 नंबरच्या छर्ऱ्यांचं काडतूस, एवढं या अंतराला भरपूर आहे. उठणं, बंदूक गालाला लागणं आणि बार होणं हे एका लयीत, आणि बार झाल्यावरही बंदूक फिरतीच ठेवायची, ती थांबली की छर्रे पक्ष्याच्या मागून जातात. कुंपणापलीकडे, पायवाटेकडे, जमिनीलगत खालून येणाऱ्या पक्ष्यावर कधीच नाही. कानात प्लग घाला, बहिरेपण परत जात नाही.

जखमी पक्षी दिसला की बाकी सगळं थांबवा. पुढचा थवा येतोय, छान येतोय, येऊ दे. आधी बंदूक रिकामी करून जा, किंवा कुत्रा पाठवा, शोधा आणि लगेच संपवा. लोळलेल्या गव्हात पडलेला पक्षी माणसाला सापडत नाही, म्हणून अशा शेतात कुत्र्याशिवाय बसूच नये असं माझं मत.

(दृश्य: कापलेली अन्नपिशवी, हातावर गव्हाचे दाणे.)

गळ्याखालची ही पिशवी उघडली की शेतकऱ्याचं दुखणं काय ते कळतं, मूठभर दाणे, काही अजून हिरवट. पक्ष्यांची संख्या आणि कुठल्या शेतात बसली होती ते त्याला संध्याकाळी फोन करून सांगा, रिकामी काडतुसं एकूणएक उचला. जुलैच्या उन्हात पक्षी ढिगाने ठेवू नका, माश्या बसतात, सावलीत वेगवेगळे पसरून गार होऊ द्या. खायला मुख्यतः छातीचं मांस, गडद लाल, जास्त शिजवलं की चिवट होतं, आपल्या आलं-लसूण, काळ्या मसाल्यात सुकं छान लागतं, फक्त कढईत टाकायच्या आधी बोटाने दाबून बघा आणि आत राहिलेले छर्रे काढून टाका.