जंगलातला बांध आणि एक डबा

नमस्कार, श्रोतेहो.

गेल्या जूनमध्ये मी अमेरिकेत लेकीकडे होते, कनेक्टिकट राज्यात. एका रविवारी सकाळी माझी नऊ वर्षांची नात हातात कागद घेऊन आली आणि म्हणाली, "आजी, बूट घाल. डबा शोधायला जायचंय."

कागदावर कोड्यासारख्या चार ओळी होत्या. निळ्या पट्ट्यांच्या वाटेने चढ संपेपर्यंत जा. दोन भिंती जिथे मिळतात तिथे थांबा. 220 अंशांच्या दिशेने 60 पावलं चाला, तिथे कुणाची तरी चूल होती. चुलीकडे पाठ करा, समोर तीन खोडांचा ओक दिसेल.

या खेळाला लेटरबॉक्सिंग म्हणतात. कुणीतरी जंगलात एक डबा लपवतं. आत एक वही असते आणि हाताने कोरलेला एक रबरी शिक्का. शोधणाऱ्याने स्वतःची वही आणि स्वतःचा शिक्का सोबत न्यायचा. डब्यातला शिक्का आपल्या वहीत उठवायचा, आपला त्यांच्या वहीत, आणि डबा होता तसा, होता तिथेच ठेवायचा. एरवी बक्षीस काही नाही. पण तिथल्या वनखात्यानेही सरकारी जंगलांत असे डबे ठेवले आहेत, आणि पाच शोधले की चालायची काठी मिळते. नातीचा डोळा त्या काठीवर होता.

या खेळाचं मूळ इंग्लंडमधलं. डेव्हन परगण्यात डार्टमूर नावाचा विस्तीर्ण, वाऱ्याने झोडपलेला माळ आहे. त्याच्या उत्तर भागात, दलदलीत, क्रॅनमिअर पूल. नाव तळ्याचं, पण तळं कधीच आटलेलं. तिथवर पोचणं इतकं जिकिरीचं की 1854 साली चॅगफर्ड गावच्या जेम्स पेरट या वाटाड्याने तिथे एक बाटली ठेवली. जो पोचेल त्याने आपल्या नावाचं कार्ड तीत टाकायचं. पुढे लोक स्वतःचाच पत्ता लिहिलेली पोस्टकार्डं तिथे ठेवू लागले. मागून येणारा अनोळखी माणूस ती उचलून गावातल्या पेटीत टाकायचा. कार्ड घरी पोचलं की कळायचं, आपल्या मागून तिथवर कुणीतरी गेलं. मला या खेळातलं सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. 1998 मध्ये 'स्मिथसोनियन' मासिकात यावर लेख आला आणि अमेरिकेतल्या जंगलांतून असे डबे पसरले.

नातीने आदल्या दिवशी खोडरबरावर आपल्या नावातलं 'सा' कोरलं होतं. पहिलं सरळ कोरलं, ते कागदावर उलटं उठलं, काना आधी आणि 'स' मागून. मग आरशात बघून दुसरं कोरलं. ते बरोबर उठलं.

तर आम्ही निघालो. लेक, जावई, नात आणि मी. ओक, बीच, हेमलॉक यांची दाट सावली, खाली माउंटन लॉरेलची झुडपं नुकती फुललेली. दर थोड्या अंतरावर झाडाच्या खोडावर निळ्या रंगाची उभी पट्टी. चढ संपला आणि वाट एका दगडी भिंतीला येऊन भिडली. गुडघ्याएवढी उंच, चुना नाही, माती नाही, नुसते एकावर एक रचलेले दगड. दोन्ही बाजूंना किर्र झाडी, आणि भिंत मधूनच सरळ पुढे गेलेली.

नात म्हणाली, "जंगलात भिंत कशाला?"

मी शेतकऱ्याच्या घरात वाढलेली. मला ती भिंत वाटलीच नाही. तो बांध होता.

आणि खरंच तो बांधच निघाला. हिमयुगातल्या हिमनद्यांनी तिथल्या मातीत दगडच दगड सोडले आहेत. दर हिवाळ्यात जमीन गोठते, फुगते आणि खालचे दगड वर ढकलते. तिथले शेतकरी दर वसंतात ते वेचून शेताच्या कडेला रचायचे. एकोणिसाव्या शतकात त्या भागातलं बहुतेक जंगल तोडून शेतं आणि मेंढ्यांची कुरणं केलेली होती. मग 1825 मध्ये शेजारच्या न्यूयॉर्क राज्यातून पश्चिमेकडे जाणारा ईरी कालवा झाला, पश्चिमेची सुपीक, बिनदगडाची जमीन जवळ आली, गिरण्या निघाल्या, माणसं शेतं टाकून गेली. झाडं परत आली. आज त्या राज्याची निम्म्याहून अधिक जमीन पुन्हा झाडांखाली आहे, आणि आतून हे बांध धावतात. आता त्यांच्या अल्याड-पल्याड कुणाचंच शेत नाही. आपल्याकडे वीतभर बांधासाठी भाऊ-भाऊ कोर्टात जातात. मी त्या दगडांवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिले. नातीने हाताला धरून ओढलं तेव्हा निघाले.

पुढे आम्ही चुकलो. जावयांनी फोनवरच्या होकायंत्रात 220 अंश धरले, 60 पावलं मोजली, आणि आम्ही लॉरेलच्या जाळीत कंबरेपर्यंत अडकलो. चूल कुठेच नाही. मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला आहे, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. फोन भौगोलिक उत्तर दिशा दाखवत होता, आणि कोडं लिहिणाऱ्याने चुंबकाची सुई वापरली असणार, जी चुंबकीय उत्तर दिशा दाखवते. महाराष्ट्रात या दोन्हींत एका अंशाचाही फरक नसतो, म्हणून आपल्याला ते कधी जाणवत नाही. कनेक्टिकटमध्ये सुई भौगोलिक उत्तरेपासून साधारण 13 अंश पश्चिमेला वळते. साठ पावलांत चौदा पावलांची चूक! बांधाच्या कोपऱ्यावर परत आलो, साधं होकायंत्र नातीच्या तळहातावर ठेवलं आणि सुईप्रमाणे चाललो.

पडक्या घराचं जोतं लागलं. तळघराचा खड्डा पाचोळ्याने भरलेला, एका कडेला चुलीचे काळवंडलेले दगड, आणि बाजूला लायलॅकचं झुडूप. ते जंगलातलं नव्हे, घरच्या कुणीतरी हौसेने लावलेलं. घर गेलं, माणसं गेली, झुडूप तिथेच.

ओकच्या बुंध्याशी एक चपटा दगड, त्याखाली डबा. आतला शिक्का होता मेंढीचा. वहीतली आमच्या आधीची नोंद अकरा दिवसांपूर्वीची, खाली कासवाचा शिक्का. नातीने श्वास रोखून त्याच्याशेजारी 'सा' उठवला. मी तारीख घातली आणि माझ्या माहेरच्या गावाचं नाव देवनागरीत लिहिलं. डबा परत ठेवला, वर दगड, दगडावर पाचोळा. ते जंगल कुठलं हे मी तुम्हाला मुद्दाम सांगत नाही. तुमच्यापैकी कुणी तिकडे गेलंच, तर त्यांना ते स्वतः सापडावं.

घरी गेल्यावर लेकीने सगळ्यांचे पाय, मान, कानामागे नीट तपासलं. तिथल्या गोचिडीतून लाइम हा आजार होतो, आणि त्याला नाव पडलं तेच मुळी कनेक्टिकटमधल्या लाइम गावावरून. माझ्या मोज्यावर एक सापडली, खसखशीएवढी.

पण त्याआधी, उतरताना, नात पुढे पळत होती आणि बांध मोजत होती. गाडीपर्यंत सात भरले.