आता फाईल मुलांच्या हातात द्या

समोर पालक बसलेत आणि मागच्या खुर्च्यांवर कॉलेजची मुलं. आज मी मागच्या खुर्च्यांशीच जास्त बोलणार आहे, पालकांनी रागावू नये.

मी मुलांचा डॉक्टर. लहानपणापासून आजार असलेली मुलं मोठी होताना औषधपाण्याची जबाबदारी त्यांच्याकडं कशी द्यायची, त्याबद्दल बोलायचंय. आठव्या वर्षी टाइप १ मधुमेह, म्हणजे रोज इन्सुलिनची सुई घ्यावीच लागते तो मधुमेह, निघालेला एक मुलगा गडहिंग्लजकडून माझ्याकडं यायचा. फाईल आईच्या हातात, प्लास्टिकच्या पिशवीत, वरून रबरबँड. पोरगा सतरा वर्षांचा झाला, मिसरूड फुटलं, तरी "सकाळी किती युनिट घेतोस रे?" म्हटलं की तो आईकडं बघायचा. "सकाळी १४, रात्री १०," आई सांगायची आणि मी लिहून घ्यायचो. चूक माझी होती. त्याच्या तोंडून उत्तर येईपर्यंत मी थांबायला हवं होतं.

पुढं तो इंजिनिअरिंगला पुण्याला गेला. पहिल्याच पावसाळ्यात उलट्या सुरू झाल्या, जेवण जाईना, म्हणून त्यानं इन्सुलिन बंद केलं. जेवलोच नाही तर सुई कशाला, असा त्याचा साधा हिशोब. पण आजारपणात शरीराला इन्सुलिन बहुतेक वेळा जास्तच लागतं. ते मिळालं नाही की शरीर चरबी जाळायला लागतं, त्यातून तयार होणारे कीटोन नावाचे आम्लासारखे पदार्थ रक्तात साठतात, श्वास जोरजोरात चालतो, शुद्ध हरपते. रूममेटनं रात्री रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तीन दिवस आयसीयू. वाचला. उलट्या होत असल्या तरी इन्सुलिन पूर्ण बंद करायचं नाही, साखर आणि कीटोन तपासायचे आणि डॉक्टरला फोन करायचा, हे मी नऊ वर्षं सांगत आलो होतो. सांगत होतो ते आईला.

कायद्यानं अठराव्या वाढदिवशी माणूस सज्ञान होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम या सरकारी योजनेतली मुलांची आरोग्य तपासणीही १८ वर्षांपर्यंतच. पण धोका तोलणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीपर्यंत पिकत असतो. म्हणजे ज्या वयात पोरगं घर सोडतं, मेसचं खातं, रात्र रात्र जागतं, नेमक्या त्याच वयात त्याचा डॉक्टरही बदलतो. बाहेरगावी शिकायला जाणं कोल्हापूरला नवं नाही. शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं बोर्डिंगं उभी केली, गावोगावची पोरं त्यांत राहून शिकली. अजूनही निघताना बॅगेत चटणी, लाडू, अंथरूण सगळं आठवणीनं भरलं जातं. औषधाचा कागद तेवढा घरातल्या कपाटात राहतो.

मुलींचं तर मला फार लागतं. फिट येणाऱ्या एका मुलीचं लग्न ठरलं. सासरी कळू नये म्हणून घरच्यांनी गोळ्या पाकिटातून काढून कॅल्शियमच्या डबीत भरल्या. ती परत माझ्याकडं आली तेव्हा दोन महिन्यांची गरोदर होती, आणि गोळी होती व्हॅल्प्रोएट. या औषधानं गर्भाच्या पाठीच्या कण्यात दोष राहू शकतो, पुढं मुलाच्या बुद्धीवरही परिणाम होऊ शकतो. मनानं गोळी सोडावी तर मोठी फिट येण्याची भीती. लग्नाआधी डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध बदलण्याचा विचार करता आला असता. हे बोलणं तिच्याशी सोळाव्या वर्षी व्हायला हवं होतं, आईला पाच मिनिटं बाहेर बसवून.

सांधेतापानं, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर येणाऱ्या, सांधे सुजवणाऱ्या तापानं हृदयाची झडप बिघडलेली मुलंही अशीच. हा ताप पुन्हा येऊ नये म्हणून दिलं जाणारं दर तीन आठवड्यांचं पेनिसिलिनचं इंजेक्शन "आता मोठा झालास की" म्हणून थांबवलं जातं. झडप खराब असेल तर ते चाळिशीपर्यंतही लागू शकतं.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. बाराव्या-तेराव्या वर्षापासून डॉक्टरनं विचारलं की आधी मुलाला बोलू द्या. चुकलं तर चुकू दे, आम्ही समोर असतो. सोळाव्या वर्षी केसपेपर त्यानंच काढावा, औषध संपायच्या आधी दुकानात त्यानंच जावं. आणि मोठ्यांच्या डॉक्टरांकडची पहिली भेट माझ्याकडची शेवटची भेट व्हायच्या आत ठरवा, म्हणजे काही अडलं तर आम्ही दोघं एकमेकांना फोन करू शकतो.

मागच्या खुर्च्यांवरच्या मुलांनो, आजाराचं नाव, औषध, डोस, कशाची ॲलर्जी, त्रास वाढला तर पहिल्यांदा काय करायचं, एवढं एका पानावर स्वतःच्या अक्षरात लिहा. त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि रूममेटलाही पाठवा. रात्री दोन वाजता रिक्षा तोच बोलावणार आहे.